नौपाडा पोलीस ठाणे, ठाणे

या पत्त्यात 'ठाणे' दोनदा आलंय. मराठी माणूस तो वाचतो आणि पुढे जातो, कुठे अडत नाही. पण काही वर्षांपूर्वी याच पत्त्याची इंग्रजी प्रत माझ्या टेबलावर आली. ती दुसरीकडे कुठेतरी करून घेतलेली होती, आणि त्यात लिहिलं होतं 'नौपाडा पोलीस थाने, थाने'. पासपोर्ट हरवल्याच्या तक्रारीचा कागद होता. मुलगा परदेशात, आणि तिथल्या ऑफिसातून विचारणा आली होती की शहराचं नाव दोनदा कशाला लिहिलंय, आणि तक्रार नेमकी नोंदवली कुठे? वडील बिचारे लोकलच्या गर्दीतून घामाघूम होऊन आले होते. "ताई, ट्रान्सलेशनचे पैसे तर पूर्ण घेतले हो त्यांनी."

ट्रान्सलेशन त्यात झालंच नव्हतं. पहिल्या 'ठाणे'चा अर्थ न्यायचा होता, म्हणजे तिथे पोलीस स्टेशन यायला हवं होतं. दुसऱ्याचा फक्त उच्चार न्यायचा होता, कारण ते गावाचं नाव. टाईप करणाऱ्याने दोन्हींचा उच्चारच नेला.

इंग्रजीत या दोन कामांना ट्रान्सलेशन आणि ट्रान्सलिटरेशन म्हणतात. दोन्ही शब्दांची सुरुवात सारखी, शेवट सारखा, आणि दुसरा उच्चारायला जड. त्यामुळे काऊंटरवर येणारा प्रत्येक जण दोन्हींना ट्रान्सलेशनच म्हणतो. दुसऱ्या शब्दात 'लिटेरा' दडलंय, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ अक्षर. मराठीत हा गोंधळ व्हायचं खरं तर कारण नाही. भाषांतरात भाषा बदलते, अर्थ तोच राहतो. लिप्यंतरात लिपी बदलते, उच्चार तोच राहतो. शब्दातच सगळं सांगितलंय, पण 'लिप्यंतर' हा शब्द घेऊन माझ्याकडे आलेली माणसं वीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतकी.

आमच्या ठाणे-कल्याण भागात या घोटाळ्याला जरा जास्तच वाव आहे, कारण इथल्या गावांच्या नावांनाच अर्थ आहेत. 'महिला व बाल कल्याण समिती, कल्याण' हे इंग्रजीत करताना पहिलं कल्याण 'वेल्फेअर' होतं आणि दुसरं कल्याणच राहतं. मशीनला हे नेहमी कळतंच असं नाही. घाईत असलेल्या माणसालाही कळत नाही.

पत्त्यापासून सुरुवात करू, कारण प्रत्येक कागदावर तो असतोच. 'गावदेवी मंदिरामागे, डोंबिवली पूर्व' एवढ्याशा ओळीत दोन्ही कामं आहेत. गावदेवी आणि डोंबिवली ही नावं, ती जशीच्या तशी रोमन अक्षरांत. मंदिर, मागे आणि पूर्व यांचं मात्र इंग्रजी करायचं. ठाण्याचा तीन हात नाका हा तीन हात नाकाच राहतो. त्याला इंग्रजीत तीन हात फुटले की पत्र कुठेच पोहोचत नाही. कल्याणचा दूधनाका, लाल चौकी, पत्री पूल, डोंबिवलीचा चार रस्ता, ठाण्याची तलावपाळी, सगळ्यांना हाच नियम. नाका, पाडा, आळी, वाडी हे शब्द नावाला चिकटलेले असतील तर त्यांना हात लावू नका. आणि उलटही करू नका. फडके रोड हे डोंबिवलीतल्या त्या रस्त्याचं रूढ नाव आहे, मराठीच्या अभिमानापोटी कागदावर 'फडके मार्ग' केलंत तर पोस्टमन ओळखेलही, पण बँकेचा संगणक ओळखणार नाही.

जमिनीच्या कागदांत खरी परीक्षा असते. कल्याण, मुरबाड, शहापूर, भिवंडीकडची माणसं सातबारा घेऊन येतात, मुलाच्या व्हिसासाठी मालमत्तेचा पुरावा म्हणून. 'सातबारा' या शब्दाला स्वतःचा अर्थ नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून तो कागद होतो. म्हणून तिथे दोन्ही करावं लागतं. आधी 'सातबारा' रोमनमध्ये लिहायचं, पुढे गाव नमुना सात आणि बारा, जमिनीच्या हक्कांचा व पिकांचा उतारा, असं इंग्रजीत. 'फेरफार' म्हणजे बदल असं शाळेतलं इंग्रजी इथे चालत नाही, महसुलात त्याला 'म्युटेशन एंट्री' म्हणतात. 'मौजे' हा गावाच्या नावाचा भाग नाही, तो गाव या अर्थाचाच शब्द. 'मौजे' रोमनमध्ये लिहून गावाच्या नावाला जोडलेलं मी इतक्या वेळा पाहिलंय की परदेशातल्या एखाद्या अधिकाऱ्याला ठाणे जिल्ह्यातली निम्मी गावं 'मौजे'नेच सुरू होतात असं वाटत असेल.

'पोटखराबा' हा माझा आवडता शब्द. लागवडीला न येणारं, सर्व्हे नंबराच्या पोटातलं क्षेत्र. शब्दशः इंग्रजी केलंत तर पोट बिघडल्याचा दाखला तयार होतो. खातेदाराच्या रकान्यातले 'अ.पा.क.' आणि 'ए.कु.मॅ.' यांनी तर भल्याभल्यांना चकवलंय. पहिलं म्हणजे अज्ञान पालनकर्ता. इथे 'अज्ञान'चा अर्थ कायद्यातला आहे, वयाने लहान, म्हणून त्याचं 'मायनर' होतं. दुसरं म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही नावापुढची बिरुदं नाहीत, त्या माणसाचा जमिनीशी काय संबंध आहे ते सांगणारी नोंद आहे. ती आद्याक्षरांसारखी रोमनमध्ये उतरवली, तर कागदातला सगळ्यात महत्त्वाचा तपशीलच हरवतो. 'पोलीस पाटील' हे पद, त्याचं आडनाव करू नका. 'मयत' हे कोणाचं पाळण्यातलं नाव नाही. क्षेत्राचा आकडाही नीट वाचा. ०.१२.५० म्हणजे शून्य हेक्टर, बारा आर, पन्नास चौरस मीटर, एकूण १२५० चौरस मीटर. मधला एक ठिपका खाल्ला की जमीन कागदावर भलतीकडेच जाते.

माझी एक सवय सांगते, तुम्हालाही उपयोगी पडेल. कागद टायपिंगला देण्याआधी त्याची झेरॉक्स घ्या आणि पेन्सिलीने प्रत्येक नावाखाली रेघ मारा. माणसाचं नाव, गावाचं, रस्त्याचं, देवळाचं. रेघ मारलेलं सगळं लिप्यंतर, उरलेलं भाषांतर. जिथे हात अडखळेल तिथे प्रश्नचिन्ह करा आणि काम करणाऱ्याला विचारा. दहा मिनिटांचं काम आहे. पेन्सिलीने आखलेला कागद समोर आला की टाईप करणाराही जरा सावरून बसतो.

आता माणसांची नावं. इथे भाषांतराचा प्रश्नच नाही, पण लिप्यंतर सोपं आहे असं समजू नका. रोमनमध्ये ठ आणि थ दोन्हींना टी-एच, ड आणि द दोन्हींना डी, ळ आणि ल दोन्हींना एल. मराठीतून रोमनमध्ये जाताना काही बिघडत नाही, कारण वाचणारे आपण असतो. गोची परतीच्या प्रवासात होते. यंत्र रोमन नाव घेतं आणि त्याचं देवनागरी करून देतं, तेव्हा साठे यांचे साथे होतात, गोडबोले यांचे गोदबोले, काळे यांचे काले. आधार केंद्रात पडद्यावर इंग्रजीशेजारी मराठी नाव दिसतं. तिथे मान डोलवायच्या आधी मराठी ओळ अक्षर अक्षर वाचा. आपली माणसं इंग्रजी स्पेलिंग तीनदा तपासतात आणि मराठीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. चूक मात्र नेमकी तिथेच बसलेली असते. वारसनोंदीच्या वेळी ती सापडते.

शेजारी दक्षिणेकडचे असतील तर आणखी एक गंमत. त्यांच्याकडे त साठी टी-एच लिहायची पद्धत आहे. त्यांची लता आणि आपली लता, दोघींची स्पेलिंगं वेगळी, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. म्हणूनच 'बरोबर स्पेलिंग कोणतं?' या प्रश्नाला मी फार वेळ देत नाही. रोमन स्पेलिंगमध्ये शुद्धतेपेक्षा सातत्य महत्त्वाचं. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे आहे तेच पॅन, पासपोर्ट, बँक, सगळीकडे ठेवा. जोशी आडनावाच्या शेवटी आय की डबल ई, यावर घरात वाद घालायचा असेल तर तो पहिल्या कागदाआधी घाला. नंतर राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलता येतं, पण त्यात पैसे आणि वेळ दोन्ही जातात.

आपल्या शहरांनीही हे भोगलंय. शिलाहार राजांच्या ताम्रपटांतलं श्रीस्थानक ते ठाणे. इंग्रजांनी आधी त्याचं 'टॅना' केलं, मग 'ठाणा'. १८८२ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे या जिल्ह्यावरचे खंड शोधायचे असतील तर शेवटी ए असलेल्या स्पेलिंगनेच शोधावे लागतात, आजच्या स्पेलिंगने ते सापडत नाहीत. त्या गॅझेटियरवाल्यांनी दीर्घ आ दाखवायला अक्षरावर तिरकी खूण दिली होती, ती सोय आपण पुढे सोडून दिली. जुन्या दप्तरात आजोबांचं नाव धुंडाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. गावाची आणि आडनावाची सुचतील तेवढी स्पेलिंगं आधी एका कागदावर लिहून काढा, मग शोधायला बसा.

दुकानदारांसाठी थोडं वेगळं. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्यांचा नियम २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली केलेल्या दुरुस्तीने सगळ्यांना लागू झाला, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा ठाण्यापासून बदलापूरपर्यंत पेंटर आणि फ्लेक्सवाले रात्री जागत होते. कायद्यात शब्द आहेत मराठी भाषा आणि देवनागरी लिपी. मराठी मजकूर आधी हवा, आणि त्याची अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. भाषा आणि लिपी या दोन गोष्टी आहेत, हे त्या ओळीतच आलंय. देवनागरीत हिंदीही लिहितात, नेपाळीही लिहितात. 'यहाँ दवाइयाँ मिलती हैं' ही पाटी देवनागरी आहे, मराठी नाही.

बहुतेकांनी केलं काय, तर इंग्रजी पाटी उचलून देवनागरीत ठेवली. 'डायग्नोस्टिक सेंटर' झालं, 'फूटवेअर' झालं, 'ऑप्टिशियन्स' झालं. दुकानाचं नाव असेल तर ते ठीकच, नावाचं लिप्यंतरच होतं. पण नावापुढे धंदा काय ते सांगणारे शब्द येतात, त्यांचं काम गिऱ्हाइकाला आत बोलावण्याचं असतं. मुरबाडहून आलेल्या आजीला 'डायग्नोस्टिक' देवनागरीत वाचता आलं, म्हणून काय झालं? तिला 'रक्त-लघवी तपासणी' लिहिलेलं हवंय. हट्टाने शुद्ध मराठीही नको. 'मेडिकल' हा शब्द आजीच्याही तोंडी आहे, त्याचं 'औषधी भांडार' केल्याने तिची सोय वाढत नाही. कसोटी एकच लावा, गिऱ्हाईक दुकान कोणत्या शब्दाने विचारत येतं? डोंबिवलीतली 'पोळीभाजी केंद्रं' बघा. कोणी त्यांना मराठी पाटीची सक्ती केली नव्हती, पण संध्याकाळी सातला लोकलमधून उतरलेली माणसं त्या पाट्यांखाली रांग लावतात.

पाटीवाल्याला मजकूर देताना एक काळजी घ्या. 'ॲ' आणि 'ऑ' त्याच्या फॉन्टमध्ये आहेत का ते आधी पाहा. नसले की 'ॲकॅडमी'ची 'अेकेडमी' होते आणि पाच वर्षं ती तशीच टांगून राहते. आणि जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर ईमेलवर गेल्यावर चित्रविचित्र अक्षरं दिसू लागली, तर त्याला भाषांतरही नको आणि लिप्यंतरही नको. तो फक्त युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा. त्यासाठी भाषांतराचे पैसे देऊ नका.

शेवटचा विषय मोडीचा, आणि हल्ली सगळ्यात जास्त माणसं त्यासाठीच येतात. सप्टेंबर २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि घरोघरीच्या पेट्या उघडल्या. "मोडीचं मराठीत भाषांतर करून हवंय," असं सांगत लोक येतात. मोडी ही भाषा नाही. मोडी ही लिपी, आणि त्या कागदाची भाषा मराठीच असते. त्यामुळे हवं असतं ते मोडीचं देवनागरी लिप्यंतर. हा शब्दांचा काथ्याकूट नाही, कागदाचं वजन यावर ठरतं. भाषांतर करणाऱ्याला शब्द निवडायची मुभा असते. लिप्यंतर करणाऱ्याला ती नसते. जे अक्षर आहे तेच त्याने लिहायचं.

एक नमुना जवळून पाहा. कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीतली नोंद. लेखकाने आधी पानभर आडवी रेघ ओढली आणि बोरू फारसा न उचलता अक्षरं तिला टांगत गेला. दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत पाळत नाहीत. जातीच्या रकान्यात फक्त 'कु.' आहे. तर लिप्यंतरात काय यावं? 'कु.' यावं. 'कुणबी' नाही. वाचणाऱ्याला मनातून खात्री असली, वरच्या दहा ओळींत 'कुणबी' पूर्ण लिहिलेलं असलं, तरी या ओळीत जे नाही ते घालायचं नाही. हवं तर खाली टीप द्यावी की याच पानावर अमुक ओळीत पूर्ण शब्द आला आहे. मूळ ओळीत भर घातलेली दिसली की तपासणारा पुढच्या सगळ्या ओळींवर संशय घेतो. शिवाय मुलीच्या नावाआधीचं 'कु.' हे कुमारी असतं, ते वेगळंच. अक्षर फाटलेलं किंवा पुसट असेल तिथे चौकटी कंस घालून 'अवाच्य' लिहून घ्या. मोडीच्या सलग लिप्यंतरात एकही अवाच्य जागा नसेल, तर मला तरी ते संशयास्पद वाटतं.

जुन्या कागदात सनही जुने असतात. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो, सुहूर सनात ५९९ किंवा ६००. हे गणित टिपेत करायचं, मजकुरात सन मूळचाच ठेवायचा. अडलेल्या जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा १८५७चा कोश अजून कामाला येतो. आज न वापरले जाणारे महसुली शब्द त्यात नेटके मिळतात.

मोडी वाचक निवडताना त्याने रीतसर शिक्षण घेतलंय का, हे विचारा. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. ज्या कार्यालयात कागद द्यायचा आहे तिथे आधी जाऊन विचारा की कोणाचं लिप्यंतर चालेल, प्रत्येक पानावर सही लागेल का, मूळ पानाची झेरॉक्स जोडायची का. हे विचारायचं राहतं आणि मग पैसे दोनदा जातात. इंग्रजी प्रतही हवी असेल तर ते वेगळं काम. आधी मोडीचं देवनागरी, मग त्या देवनागरीचं इंग्रजी. दोन्ही एकदम करून देतो म्हणणाऱ्याकडून मधली देवनागरी प्रत मागून घ्या, नाहीतर चूक कुठे झाली ते कधीच कळणार नाही.

आणि मूळ कागद कोणाकडेही ठेवून येऊ नका. फोटो काढा, झेरॉक्स घ्या, त्यावर काम करवून घ्या. पेटीतून निघालेला कागद घडीवर तुटायला आलेला असतो. दोन सुती कापडांमध्ये सपाट ठेवा, सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. एकदा लॅमिनेट केलेला मोडी कागद परत सोडवता येत नाही.